रायफलीच्या नळीवरील आटे आणि माशीचे स्थानांतर : एक भूमितीय विवेचन

प्रस्तावना
रायफलीच्या नळीच्या टोकाजवळ नेम साधण्यासाठी जो उंचवटा असतो, त्यास मराठीत 'माशी' म्हणतात. मागील दर्शक, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आले की नेम साधला जातो. अमेरिकेत नळीच्या टोकावर ध्वनिशामक वा ज्वालाशामक बसविण्याची प्रथा जुनी आहे. हायरम पर्सी मॅक्सिम यांना ध्वनिशामकाचे पेटंट १९०९ मध्ये मिळाले. असे साधन बसविण्यासाठी नळीच्या टोकावर आटे पाडावे लागतात. परंतु अनेक जुन्या शिकारी रायफलींत नेमक्या त्याच जागी माशी असते. परिणामी ती मागे सरकवावी लागते. या स्थानांतराने नेमावर कोणते परिणाम होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दर्शकांमधील अंतर
मागील दर्शक व माशी यांतील अंतर ५०० मि.मी. आहे असे मानू. नेमात ०.२ मि.मी. चूक झाल्यास समरूप त्रिकोणांच्या नियमाने १०० मीटरवर ४० मि.मी. विचलन होते. माशी २५ मि.मी. मागे घेतल्यास हेच विचलन सुमारे ४२ मि.मी. होते. सामान्यतः याच परिणामाची चिंता व्यक्त केली जाते. वस्तुतः तो नगण्य आहे.

उंची व कल
खरी अडचण अन्यत्र आहे. नळी बहुधा टोकाकडे निमुळती असते. माशी मागे सरकली की ती अधिक जाड भागावर बसते. तेथील त्रिज्या केवळ ०.३ मि.मी.ने अधिक असली, तरी माशी तेवढीच उंचावते आणि १०० मीटरवर गोळी सुमारे ६३ मि.मी. खाली लागते. म्हणून जुनी माशी तशीच मागे बसविणे पुरेसे नसते. तिची उंची नव्याने निश्चित करावी लागते.

कलाचा परिणामही असाच आहे. नळीच्या अक्षापासून २० मि.मी. उंच असलेली माशी अक्षाभोवती केवळ १ अंशाने कलली, तर तिचे टोक सुमारे ०.३५ मि.मी. बाजूला जाते व १०० मीटरवर सुमारे ७३ मि.मी. विचलन होते. डोळ्यास न जाणवणारी ही चूक अंतर कमी झाल्याने होणाऱ्या फरकाच्या कित्येक पट आहे.

आट्यांची समकेंद्रता
उपर्युक्त दोष लक्ष्य चुकवितात. आट्यांतील दोष मात्र अपघातास कारण होतो. नळीचे छिद्र तिच्या बाह्य पृष्ठभागाशी तंतोतंत समकेंद्री असतेच असे नाही. म्हणून आट्यांचा आधार बाह्य पृष्ठभाग नसून छिद्राचा अक्ष असावा लागतो. १५० मि.मी. लांबीचे साधन अर्ध्या अंशाने तिरपे बसल्यास त्याचे पुढील टोक सुमारे १.३ मि.मी. सरकते. आतील मोकळी जागा अल्प असल्याने गोळी साधनाच्या भिंतीस धडकू शकते.

कायद्याची चौकट
हा विषय केवळ यंत्रशास्त्राचा नाही. अमेरिकेत १९३४ च्या राष्ट्रीय अग्न्यस्त्र कायद्यानुसार ध्वनिशामकाची नोंदणी आवश्यक आहे. १९९४ ते २००४ या काळात अमलात असलेल्या संघीय निर्बंधात, काढता येणारे मॅगझिन असलेल्या अर्धस्वयंचलित रायफलींबाबत, ज्वालाशामकासाठी आटे पाडलेली नळी हे एक निषिद्धतादर्शक लक्षण मानले गेले होते. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार व्यवसाय म्हणून अग्न्यस्त्रांची निर्मिती, दुरुस्ती वा रूपांतर करण्यास परवाना अनिवार्य आहे.

निष्कर्ष
माशी किती मागे गेली, यापेक्षा ती किती उंच व किती सरळ बसली, हे नेमाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. आणि आटे छिद्राच्या अक्षाशी जुळतात की नाही, हे सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचे आहे. यास्तव हे काम परवानाधारक कुशल कारागिराचेच होय. समरूप त्रिकोण, कोनीय चूक आणि मापनातील सूक्ष्मता या संकल्पना वर्गात शिकविताना मिलिमीटरच्या अंशाचे मोल दाखविणारे हे उदाहरण उपयुक्त ठरावे.