समुद्रफुलांची ओळख आणि वर्गीकरण

ओहोटीच्या वेळी कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरील डबक्यांत फुलासारखे उमललेले जे दिसते, ती वनस्पती नव्हे. तो मांसाहारी प्राणी आहे. त्याला आपण समुद्रफूल म्हणतो. तोंडाभोवतीच्या संस्पर्शकांवरील दंशकोशिकांनी तो लहान जलचर पकडतो. जेलीफिश आणि प्रवाळ हे त्याचे आप्त. त्यांतही प्रवाळ अधिक जवळचे. समुद्रफुलांच्या गणात आजवर १,००० हून अधिक जातींची नोंद झाली असून, उथळ किनाऱ्यापासून अतिखोल सागरतळापर्यंत त्यांचा वास आहे.

एवढ्या वैविध्याची मांडणी कशी करावयाची? रंगावर विसंबता येत नाही, कारण एकाच जातीत अनेक रंग आढळतात. शरीरात सांगाडा नाही. स्पर्श होताच प्राणी आकसतो. म्हणून अभ्यासक शरीराचे पातळ छेद घेऊन आतील उभे पडदे, स्नायू आणि दंशकोशिकांचे प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. स्वीडनचे ऑस्कर कार्लग्रेन यांनी १९४९ मध्ये अशा लक्षणांवर आधारलेली विस्तृत सूची प्रसिद्ध केली. पुढे अनेक दशके तीच आधारभूत राहिली.

मात्र त्या मांडणीत काही गट ‘अमुक स्नायू नाही’ अशा अभावावरून बांधलेले होते. २०१४ मध्ये एस्तेफानिया रोद्रिगेझ व सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक जातींच्या डीएनएची तुलना केली. तेव्हा दिसले की, तेच लक्षण निरनिराळ्या वंशांत स्वतंत्रपणे लोप पावलेले आहे. गणाची दोन उपगणांत फेरमांडणी झाली. प्रशांत महासागराच्या तळाशी राहणारा, सुमारे दोन मीटर लांब संस्पर्शकांचा एक प्राणी तोवर समुद्रफूल मानला जाई. त्याला गणाबाहेर काढून ‘रेलिकँथस’ हे नवे नाव देण्यात आले. २०१९ च्या अभ्यासाने त्याला समुद्रफुलांची भगिनी शाखा ठरविले.

कोणाजवळ काय नाही, एवढ्यावरून त्याचे कुळ ठरत नाही, हा या संशोधनाचा बोध आम्हांला मोलाचा वाटतो. पुरावा बदलला की जुनी उतरंड मोडावी लागते, आणि विज्ञान ती मोडते. आमच्या विद्यार्थ्यांनी किनाऱ्यावर गेल्यास जीव खडकावरून उपटू नये. छायाचित्र घ्यावे, स्थळ व वेळ टिपून ठेवावी. नाव ठरविण्यापूर्वी नीट पाहावे.