जपानी शाळेतला झाडू

आज जपानच्या प्राथमिक शाळेत डोकावू या. तिथे दुपारचं जेवण, म्हणजे 'क्यूशोकू', मुलंच वाढतात. पांढरी टोपी, एप्रन, तोंडाला मास्क. ज्यांची पाळी, ती मुलं जेवणाची भांडी वर्गात आणतात. शिक्षकही तिथेच बसून तेच जेवतात. मग 'सोजी', म्हणजे सफाई. वर्ग, जिने, बऱ्याच शाळांत स्वच्छतागृहंसुद्धा. ओलं फडकं जमिनीवर दाबून मुलं ओणवी धावतात, त्यात शर्यतही लागते!

आपल्याकडे मुलाच्या हाती झाडू दिला की पालक चिडतात. मला ते अगदीच चुकीचं वाटत नाही. झाडू कोणाच्या हाती द्यायचा, हे आपल्याकडे पुष्कळदा जात पाहून ठरलेलं आहे. तिथे पाळी वर्गातल्या प्रत्येकावर येते. फरक झाडूत नाही, पाळीत आहे.

फौजेत प्रशिक्षणाच्या वेळी बूट मीच चमकवले. निवृत्तीनंतर घरी मात्र स्वतःचं उष्टं ताटही उचलत नव्हतो. परवा सौ.ला हे जपानचं सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग तुमची पाळी कधी?"

तेव्हापासून रात्रीची भांडी माझ्याकडे आहेत. कुकर अजून नीट निघत नाही.