पंप उघडण्यापूर्वी

जुन्या टाटा ट्रकचे इंजिन एकदा चालू झाले, की त्यानंतर बॅटरीच्या तारा सोडवून घेतल्या तरी ते चालतच राहते. कारण पेट्रोलच्या मोटारीत ठिणगी पाडण्यासाठी विजेचा जो खटाटोप करावा लागतो, त्याची या इंजिनाला गरजच नसते. सिलिंडरात कोंडलेली हवा पिस्टनने इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेट घेते. चालकाच्या पायाखाली जे नियंत्रण असते ते हवेचे नव्हे, तर डिझेलच्या मात्रेचे; आणि ती मात्रा मोजून, ठरलेल्या क्षणी, प्रचंड दाबाने आत धाडणारे यंत्र म्हणजे इंजिनाच्या कुशीला बसवलेला, डोक्यावर पोलादी नळ्यांची रांग वागवणारा डिझेल पंप. त्यामुळे माल भरलेली टाटा १२१० कसारा घाटात दम सोडते, गिअर उतरवीत उतरवीत अखेर कडेला उभी राहते आणि पुन्हा चालू होत नाही, तेव्हा चालक, क्लीनर आणि मागाहून आलेल्या गाडीवाल्यांच्या तोंडून एकच निवाडा बाहेर पडतो : पंप गेला. माझे मत असे आहे, आणि जाणत्या पंपमिस्त्रींच्या कामाकडे पाहून ते दृढ झाले आहे, की हा निवाडा बहुधा घाईचा असतो. खराब पंप दुरुस्त करण्यापेक्षा निर्दोष पंप न उघडण्यात या विद्येचे अधिक मोठे कसब आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले खरे, परंतु त्यात तेल आत फुंकण्यासाठी दाबलेली हवा लागे आणि त्या हवेसाठी निराळा अवजड सरंजाम बाळगावा लागे; असे धूड रस्त्यावरच्या वाहनात बसणे कठीण होते. रॉबर्ट बॉश यांच्या स्टुटगार्टच्या कारखान्याने १९२७ मध्ये आटोपशीर पंपाचे नियमित उत्पादन सुरू केले आणि डिझेल इंजिनाला रस्ता मोकळा झाला. आपल्याकडे १९५१ मध्ये बॉशच्या साहाय्याने बंगलोरला मायको कंपनी निघाली, १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने डाइमलर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधण्यास आरंभ केला, आणि १९६९ मध्ये तो करार संपून ट्रकच्या तोंडावरचा तीन टोकांचा तारा गेला तरी पंपावरचे मायकोचे नाव कायम राहिले. नाशिकच्या सातपूरमधील याच कंपनीच्या कारखान्यात सिलिंडरात डिझेल फवारणारे नोझल तयार होऊ लागले, आणि त्या शहरातील एक चौक आजही मायको सर्कल म्हणून ओळखला जातो.

या पंपाच्या पोटात प्रत्येक सिलिंडरसाठी एक दांडी आणि तिची नळी अशी जोडी असते. तिला गॅरेजात एलिमेंट म्हणतात. दांडी आणि नळी यांच्यामधील फट मिलिमीटरच्या दोनतीन हजारांशांत मोजावी लागते, आणि ती साधण्यासाठी दोन्ही भाग एकमेकांशी घासून जुळवलेले असल्यामुळे एकाची दांडी दुसऱ्याच्या नळीत घालता येत नाही. दांडीच्या अंगावर एक तिरकी खाच असते. दांड्या फिरवणारी पट्टी, म्हणजे रॅक, सरकली की दांडी स्वतःभोवती किंचित फिरते, आणि खाच नळीच्या छिद्राशी लवकर वा उशिरा येऊन प्रत्येक फेकीतले डिझेल कमी किंवा जास्त होते. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर पंप त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात सेकंदाला वीस वेळा साधारण एका थेंबाएवढे डिझेल, वातावरणाच्या दोनशेपट किंवा त्याहून अधिक दाबाने, धुक्यासारखे उडवावे लागते. एवढी सूक्ष्म कामगिरी जे यंत्र वर्षानुवर्षे खड्ड्यांच्या रस्त्यांवरून, धुळीतून आणि मालकाच्या हेळसांडीतून करीत राहते, त्याविषयी मला नितांत आदर वाटतो.

परंतु या पंपाला स्वतः टाकीतून डिझेल ओढता येत नाही. ते काम त्याच्याच अंगाला जडलेला, त्याच्याच कॅमवर चालणारा छोटा फीड पंप करतो. तो टाकीतून ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि मोठ्या पंपापुढे मंद दाबाने हजर करतो. गाडी बंद पडण्याची बहुसंख्य कारणे या पुरवठ्याच्या मार्गावर दडलेली असतात, आणि म्हणूनच चांगला मिस्त्री पाना हाती घेण्यापूर्वी चालकाची जबानी घेतो. गाडी एकाएकी बंद पडली की दम तुटत तुटत? डिझेल नेहमीच्या पंपावर भरले की वाटेत कुठे स्वस्तात? फिल्टर केव्हा बदलला? सकाळी थंड असताना चटकन चालू होते आणि तापल्यावर होत नाही, असे तर नाही ना? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तर मात्र त्याच्या कपाळाला आठी पडते. कारण झिजलेल्या एलिमेंटमधून तापून पातळ झालेले डिझेल मागे निसटते, आणि अशा पंपावर ओले फडके टाकून तो निववला की इंजिन पुन्हा चालू होते, ही खूण या धंद्यात सर्वांना ठाऊक असते.

जबानीनंतर धूर. स्टार्टर मारताना सायलेन्सरमधून पांढुरका धूर येत असेल, तर डिझेल पोचते आहे पण जळत नाही. धुराचा मागमूसही नसेल, तर ते सिलिंडरापर्यंत जातच नाही. मग मिस्त्री टाकीपासून निघतो. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र चिखलाने बुजले, तर डिझेल जसजसे कमी होते तसतशी आत ओढ निर्माण होऊन पुरवठा थांबतो. झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज येतो आणि पुष्कळदा तिथेच प्रकरण निकालात निघते. त्यापुढे जाळी, नळ्या, बँजो बोल्टखालचे तांब्याचे वायसर. फीड पंपाच्या अलीकडची गळती फार फसवी असते. तिथे नळीत ओढ असल्यामुळे डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते, आणि कोरड्या दिसणाऱ्या जोडावर कुणाचा संशय जात नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंपावरचा हँडपंप मारला, की फेसाळ डिझेल येते. फेस थांबून स्वच्छ धार आली तर हवा निघाली, आणि कितीही मारले तरी बुडबुडे संपत नसतील तर हवा कुठूनतरी शिरतेच आहे.

हँडपंप आणि फीड पंप दोघेही त्याच दोन व्हॉल्व्हमधून डिझेल ओढतात व ढकलतात. तेव्हा हाताने धार जोरात येते आणि इंजिन फिरवल्यावर मात्र येत नाही, असे झाले तर व्हॉल्व्ह शाबूत आहेत व दोष स्प्रिंगमध्ये किंवा ढकलदांडीत आहे, हे काहीही न उघडता सिद्ध होते. ही तर्कपद्धती मला अत्यंत सुंदर वाटते. उलट हातानेही धार येत नसेल, तर फीड पंप सोडवून त्याची जाळी, व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठकी स्वच्छ डिझेलात धुवाव्या लागतात. व्हॉल्व्हखाली अडकलेला एखादा कण एवढीच सहा चाकांची अख्खी गाडी अडवायला पुरेशी सबब असते. ढकलदांडी झिजलेली असली, तर डिझेल तिच्या कडेने मोठ्या पंपाच्या तेलात उतरते. पंपाचे तेल वाढलेले, पातळ आणि डिझेलच्या वासाचे दिसले, की या निदानाला बळ मिळते.

एवढे करूनही शंका उरली, तर अखेरचा पुरावा साधा आहे. डिझेलचा स्वच्छ कॅन पंपापेक्षा उंच टांगावा, फिल्टर लावून त्याची नळी थेट मोठ्या पंपाला जोडावी, हवा काढावी आणि स्टार्टर मारावा. इंजिन सुरळीत चालले तर मोठा पंप निर्दोष सुटला. चालत्या इंजिनात एखाद्याच सिलिंडराची तक्रार असेल, तर नोझलच्या नळ्यांचे नट एकेक करून सैल करीत जातात. ज्याच्या सैल होण्याने इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम करीत नव्हता. या वेळी उडणाऱ्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो आणि बोट गमावण्याची पाळी येऊ शकते.

मोठा पंप खरोखर उघडावा लागलाच, तर तो रस्त्याकडेला उघडू नये. त्याची जागा बंद खोलीत, स्वच्छ टेबलावर, जिथे कापसाचा तंतूही उडू देत नाहीत अशा ठिकाणी आहे. आत काय आढळते हे बहुधा डिझेलवरच अवलंबून असते : पाणी मिसळले असेल तर दांडीवर गंजाचे ठिपके आणि जाम झालेला रॅक, रॉकेलची भेसळ असेल तर स्निग्धतेअभावी पडलेले ओरखडे. एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह बदलून पंप टेस्ट बेंचवर चढतो, आणि काचेच्या सहा मापांत सहा एलिमेंटचे डिझेल सारखे पडेपर्यंत मिस्त्री ते जुळवीत राहतो. कमाल मात्रेच्या स्क्रूवर मग शिशाचे सील लागते. अधिक ओढ मिळावी म्हणून हे सील तोडणाऱ्या मालकांविषयी माझ्या मनात सहानुभूती नाही. ते काळा धूर आणि जळालेले पिस्टन विकत घेतात, आणि तो धूर मागून सायकलवर येणाऱ्या माणसाच्या छातीत जातो.

पंप परत बसवताना वेळ जुळवण्याची जुनी रीत आजही विश्वासाची आहे. पहिल्या एलिमेंटचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून तिथे वाकडी नळी लावतात, हँडपंपाने डिझेल वाहते ठेवतात आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवतात. धारेचे थेंब होतात, थेंब थांबतात, आणि त्याच क्षणी इंजिनावरची खूण ठरलेल्या रेषेशी यायला हवी. न आल्यास पंप त्याच्या लांबट भोकांत किंचित फिरवून पुन्हा तेच. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नव्या गाड्यांत हे सारे संगणकाच्या हुकमतीखाली गेले आहे, पण बाजारसमित्यांच्या आवारांत आणि वाळूच्या, विटांच्या वाहतुकीत जुन्या गाड्या अजून दिसतात. त्यांच्यासाठी मिस्त्री माल भरलेल्या स्थितीतच चढावर फेरी मारून येतो, गरम इंजिनावर नळ्यांचे नट पुन्हा आवळतो आणि चालकाला बजावतो, की टाकीच्या बुडाचा बोल्ट आठवड्याला सैल करून साचलेले पाणी काढून टाकत जा.