लेखांक ६ : गाभण मेंढ्यांच्या रानातून

गेल्या लेखांकात रेल्वेने लँकेशर-यॉर्कशरच्या गिरणगावांतला कामगार शनिवारच्या अर्ध्या सुट्टीत डोंगराच्या पायथ्याशी कसा आणून सोडला, ते पाहिले. तिथून वर जायची मुभा त्याला कोणी दिली आणि ती किती भक्कम आहे, हा आजचा विषय. त्यासाठी मुद्दाम फेब्रुवारीची अखेर निवडली आहे. कॅलेंडरांवर छापतात तसे हेदर या झुडपाच्या जांभळ्या फुलांनी फुललेले डोंगर या दिवसांत नसतात. पीक डिस्ट्रिक्टच्या उतारांवर ब्रॅकन हा नेचा वाळून, तांबूस होऊन आडवा पडलेला असतो, पीटची काळी माती पाण्याने थबथबलेली असते, सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि साडेपाच-पावणेसहाला मावळतो. तरी मँचेस्टर-शेफील्ड मार्गावरच्या एडेल स्थानकात शनिवार-रविवारी जाड बूट घातलेली माणसे उतरतच असतात. त्यांच्या या हौसेला निसर्गप्रेम म्हणून आपण मोकळे होतो. पण इंग्लंडच्या टेकड्यांवर चालणे म्हणजे मुळात दुसऱ्याच्या मालकीच्या, चालू कामाच्या जागेतून जाण्याचा हक्क बजावणे आहे. उन्हाळ्यात हे विसरायला होते. हिवाळा सरताना विसरताच येत नाही.

‘राष्ट्रीय उद्यान’ हे नाव ऐकून आपल्या डोळ्यांपुढे सरकारी जंगल आणि फाटकावरचा वनरक्षक येतो. १९५१मध्ये स्थापन झालेले पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधले पहिले राष्ट्रीय उद्यान, पण त्यातली बहुतेक जमीन शेतकरी, जमीनदार, पाणी कंपन्या, नॅशनल ट्रस्ट अशा मालकांची आहे आणि तिच्यावर रोज काम चालते. डोंगरी कळपांत मेंढे साधारण नोव्हेंबरात सोडतात. मेंढीचा गर्भकाळ पाच महिन्यांच्या आतबाहेर, म्हणजे वीत एप्रिलमध्ये. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये माळावरची जवळपास प्रत्येक मेंढी जडावलेली असते. थंडीने अंगावरची चरबी उतरलेली, गवतात कस नाही, शेतकरी वैरण वाहून नेतो आहे, अशा अवस्थेत कुत्र्याने नुसते पळवले तरी ती गाभडू शकते. वरच्या पठारांवर ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले हेदर पट्ट्यापट्ट्याने जाळतात. डोंगराळ भागात त्याची मुदत १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल. कर्ल्यू, टिटव्या, सोनेरी प्लोव्हर हे जमिनीवर घरटी करणारे पक्षी याच सुमाराला समुद्रकाठावरून माळावर परततात. म्हणजे रविवारचा चालणारा ज्याला ओसाड हंगाम समजतो, तो डोंगरातल्या कामकऱ्यांसाठी वर्षातला सर्वांत नाजूक काळ असतो.

अशा जागेतून परक्या माणसाला जाऊ द्यायचे ते कोणत्या आधारावर? इंग्लिश कायद्यात याची दोन उत्तरे आहेत, एक रेघेचे आणि एक क्षेत्राचे. रेघ म्हणजे सार्वजनिक पायवाट. जनतेने एखादी वाट वीस वर्षे, कोणाची परवानगी न मागता, अडवणूक न होता वापरली, तर मालकाने ती जनतेला दिली असे कायदा गृहीत धरतो. वहिवाटीच्या हक्कावरून तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या मराठी वाचकाला हे अनोळखी वाटणार नाही. १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातली वीस वर्षांची मुदत इंग्लिश कायद्याच्याच विचारातून आली आहे. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की आपल्या बांधावरची वहिवाट बहुधा शेजारच्या शेताला चिकटलेली असते, तर तिथली पायवाट कोणाचीही असते. १९४९च्या कायद्याने प्रत्येक कौंटीला अशा वाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले. नकाशावर चढलेली वाट कोणी चालले नाही म्हणून मरत नाही. शेतातून जाणारी वाट नांगरली गेली, तर १९८०च्या हायवेज ॲक्टनुसार शेतकऱ्याने ती साधारणपणे १४ दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची असते. क्षेत्राचा हक्क फार उशिरा, २०००च्या कायद्याने आला: नकाशावर तसे दाखवलेला डोंगर, माळरान, हीथ, चुनखडीचे गवताळ उतार आणि नोंदलेली गायराने यांवर रेघ सोडून हिंडायची मोकळीक.

या हक्कांची कथा सांगताना सगळे श्रेय २४ एप्रिल १९३२च्या, किंडर स्काउट या पठारावरच्या सामुदायिक घुसखोरीला देण्याची पद्धत पडली आहे. घटना नाट्यमय आहे खरी. बेनी रॉथमनच्या पुढारीपणाखाली हेफील्डहून शेकडो तरुण राखीव शिकारी माळावर चढले, रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. शिक्षा घुसखोरीबद्दल नव्हत्या, कारण घुसखोरी हा फौजदारी गुन्हाच नव्हता. दंगा आणि मारहाणीचे आरोप लावावे लागले. पण तेव्हाच्या प्रस्थापित पदभ्रमण संघटनांनी या कृतीपासून अंग राखले होते, आणि १९४९चा कायदा तिथून सतरा वर्षे दूर होता. माझ्या मते वजन दुसऱ्या बाजूला जास्त आहे. १८१५च्या कायद्याने दोन मॅजिस्ट्रेटना ‘अनावश्यक’ वाटा बंद करायची मुभा दिली, तेव्हा मँचेस्टरमध्ये १८२६ साली जुन्या पायवाटांच्या रक्षणासाठी संस्था निघाली. १८९४ साली सुरू झालेली पीक अँड नॉर्दर्न फुटपाथ्स सोसायटी आजही वाटा तपासते आणि अडवलेल्या वाटेची तक्रार करते. या चिवट कागदी लढाईवर कोणी गाणी रचत नाही. पण फेब्रुवारीत ज्या फाटकातून चालणारा आत शिरतो, ते फाटक तिने उघडे ठेवले आहे.

हा हक्क केवळ हौशी शहरी माणसाचा लाड आहे, असा आक्षेप नेहमी येतो. त्याची एक क्रूर परीक्षा २००१मध्ये होऊन गेली, आणि तीही हिवाळा सरतानाच. २० फेब्रुवारीला लाळ्या-खुरकुताची साथ उघडकीला आली आणि देशभर पायवाटांवर बंदीच्या पाट्या लागल्या. साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. कंब्रिया सर्वांत जास्त होरपळला. ज्यांची जनावरे गेली त्या शेतकऱ्यांना भरपाई मिळाली. पण पायवाटा बंद होताच खेड्यातले पब, खानावळी, न्याहारीसह खोली देणारी घरे, बुटांची दुकाने ओस पडली आणि त्यांच्या हाती जवळजवळ काही लागले नाही. सरकारी लेखापरीक्षकांच्या अहवालाने सार्वजनिक खर्च तीन अब्ज पौंडांहून जास्त आणि खासगी क्षेत्राचे नुकसान पाच अब्जांहून जास्त असल्याचे सांगितले. या दुसऱ्या आकड्यातला मोठा भार पर्यटनावर पडला होता. डोंगर म्हणजे शेतकऱ्याची जागा आणि चालणारा उपरा, हे चित्र त्या वर्षी खोटे ठरले. चालणाऱ्याच्या खिशातले पैसेही त्या डोंगराच्या अर्थकारणात मुरले आहेत, हे तो यायचा थांबल्यावर कळले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ओल्या मोसमात हजारो बूट पीट उखडतात, तर मंडळींनी मे महिन्याची वाट पाहावी. १९६५मध्ये एडेलपासून सुरू होणारा पेनाइन वे हा लांब पल्ल्याचा पदमार्ग खुला झाला आणि काही वर्षांतच त्याचे कित्येक पट्टे चिखलाचे रुंद ओहोळ झाले, कारण प्रत्येक जण चिखल टाळायला कडेकडेने चालतो आणि वाट फाकत जाते. पुढे तिथे दगडी फरशा अंथरल्या; त्यांतल्या पुष्कळ जुन्या कापडगिरण्यांच्या जमिनीतून काढून हेलिकॉप्टरने वर नेल्या. (गिरणीतून सुटून डोंगरावर जाऊ पाहणाऱ्यांच्या वाटेवर गिरणीच यावी, हे ठीकच झाले.) मात्र किंडरची सगळी धूप बुटांच्या माथी मारता येणार नाही. औद्योगिक शहरांच्या आम्लयुक्त धुराने पीट बांधून ठेवणारे स्फॅग्नम शेवाळ पिढ्यान्‌पिढ्या मारले, मेंढ्यांनी उरलेसुरले चरले, वणव्यांनी भर घातली. तरीही आक्षेपातला खरा भाग मान्य करावा लागतो. भिजलेल्या आठवड्यात उंच पठारे सोडून दक्षिणेकडच्या चुनखडीच्या खोऱ्यांत, गडग्यांच्या कडेने जाणाऱ्या वाटा धराव्यात, आणि चिखल लागलाच तर त्याच्या मधून जावे. बूट धुता येतो. फाकलेली वाट बुजवायला वर्षे लागतात.

उरतो मेंढपाळाचा आक्षेप, आणि त्याला उत्तर देताना रेघेचे महत्त्व कळते. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर जवळपास सगळीकडे हिंडायचा हक्क दिला. इंग्लंडमध्येही तसेच हवे, अशी मागणी जोर धरते आहे. उन्हाळ्यात ती रास्त वाटते. पण गडग्यांनी तुकडे पाडलेल्या छोट्या शेतांत, गाभण कळपांमधून, चालणारा नेमका कुठून जाणार हे आधी माहीत असणे शेतकऱ्याला मोलाचे असते. तो वैरण त्या बाजूला टाकत नाही, जडावलेल्या मेंढ्या दुसऱ्या कुरणात वळवतो. क्षेत्राच्या हक्काला म्हणूनच तारखा जोडाव्या लागल्या. खुल्या क्षेत्रात १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड दोरीला बांधलेला हवा, आणि गुराढोरांजवळ तर वर्षभर. मालकाला वर्षातले २८ दिवस प्रवेश रोखता येतो, पण त्यांत शनिवार-रविवार मिळून चारच बसतात आणि १ जून ते ३० सप्टेंबरमधला एकही रविवार घेता येत नाही. उन्हाळ्यातला रविवार कायद्याने चालणाऱ्याला बांधून दिला, आणि तडजोडीला जागा ठेवली ती वर्षाच्या थंड टोकाकडे. क्षेत्राचा हक्क वाढवायचाच असेल, तर तो या तारखांसकट वाढवावा. चालणाऱ्यांच्या काही संघटनांना ही भूमिका भित्री वाटेल. पण एप्रिलमध्ये वीत व्हायची असलेल्या कळपाला शिस्तीचे आवाहन पुरत नाही, त्याला नियम लागतो.

यांतला रेघेचा हक्क चालणाऱ्याला प्रत्यक्षात दिसतो तो ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशावरच्या हिरव्या तुटक रेघांत. ती रेघ कोण, कशावरून ओढते आणि जुन्या वाटा तिच्यातून निसटतात कशा, ते पुढच्या आठवड्यात.