मॅक्लीश, अलेक्स

(२१ जानेवारी १९५९– ). विख्यात स्कॉटिश फुटबॉलपटू व व्यवस्थापक. जन्म ग्लासगो येथे. १९७८ ते १९९४ या काळात तो ॲबर्डीन संघाकडून खेळला. उंच चेंडू डोक्याने परतविण्यात तो विशेष वाकबगार होता. कर्णधार विली मिलर व तो यांची जोडी म्हणजे त्या संघाच्या बचावफळीचा कणाच होय. ॲलेक्स फर्ग्युसनच्या मार्गदर्शनाखाली या संघाने ११ मे १९८३ रोजी गॉथेनबर्ग येथे बलाढ्य रेआल माद्रिदला २–१ असे नमवून यूरोपीय चषकविजेत्यांचा चषक पटकाविला. स्कॉटलंडतर्फे त्याने ७७ आंतरराष्ट्रीय सामने खेळले.

व्यवस्थापक म्हणून मदरवेल व हिबर्नियन यांनंतर तो रेंजर्सकडे आला (२००१). २००२–०३ मध्ये त्याच्या संघाने देशातील तिन्ही प्रमुख स्पर्धा जिंकल्या. २००७ मध्ये स्कॉटलंडने पॅरिस येथे फ्रान्सला हरविले. परंतु इटलीकडून निसटता पराभव होऊन यूरोपीय स्पर्धेतील प्रवेश हुकला. त्याची बर्मिंगहॅम सिटीमधील कारकीर्द तर विलक्षणच म्हटली पाहिजे : फेब्रुवारी २०११ मध्ये आर्सेनलवर २–१ असा विजय मिळवून संघाने लीग चषक जिंकला आणि मे महिन्यात तोच संघ खालच्या श्रेणीत घसरला. लगेच शहरातील प्रतिस्पर्धी ॲस्टन व्हिला संघाचे व्यवस्थापकपद स्वीकारल्याने त्याला प्रेक्षकांचा रोष पतकरावा लागला. २०१८ मध्ये तो पुन्हा स्कॉटलंडचा व्यवस्थापक झाला. मार्च २०१९ मध्ये कझाकस्तानकडून ०–३ असा पराभव झाल्यावर पुढील महिन्यात त्याला ते पद सोडावे लागले.