आई, तुम्ही जरा बाहेर बसा

सकाळी ७.३०
बालरोग विभागाची हद्द आमच्या रुग्णालयात बाराव्या वर्षी संपते. त्यामुळे चौदा वर्षांचा माझा पेशंट पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात आहे. एका बाजूला अर्धांगवायूचे आजोबा, दुसऱ्या बाजूला दारूने यकृत गेलेले काका. एमडी बालरोग करून मी या सार्वजनिक रुग्णालयात किशोरवयीनांच्या वैद्यकाची फेलोशिप करते आहे, आणि माझा राउंड असा दुसऱ्यांच्या वॉर्डांतून पाहुण्यासारखा सुरू होतो.

पोराला टाइप वन मधुमेह आहे. रक्तात आम्ल साठून बेशुद्धीच्या काठावर आला होता, आणि पहिल्यांदा नव्हे. सलाइन, इन्सुलिनची ड्रिप, पोटॅशियमवर नजर, हे सगळं मेडिसिनच्या रजिस्ट्रारने रात्रीत चोख केलं. माझं काम आता सुरू होतं. उशाशी त्याची साखरेची वही आहे. ११०, ११८, १२४, महिनाभराचे आकडे एकाच निळ्या पेनाने, एकाच दाबाने लिहिलेले. शेजारी ग्लुकोमीटर. त्याच्या मेमरीत ३८०, ४१२, मग पाच दिवस काहीच नाही.

आमच्या मॅडम म्हणतात, "वही खोटी आहे हे कुणालाही कळतं. ती कुणासाठी लिहिलीय ते विचार." विचारलं. बाबा रोज रात्री वही बघतात आणि आकडा मोठा असला की जेवताना बोलत नाहीत. शाळेत डब्याच्या आधीचं इन्सुलिन तो संडासात जाऊन घ्यायचा. एकदा दार ढकलून कुणीतरी बघितलं आणि 'गर्दुल्ला' हे नाव पडलं, तेव्हापासून ते इंजेक्शन बंद. डोस बदलून यावर उपाय होणार नव्हता. वर्गशिक्षकांना सांगायचं पण वर्गाला नाही, स्टाफरूमशेजारची खोली वापरायची, आणि बाबांनी महिनाभर वही मागायची नाही, इतकं ठरलं. बाबांना पटवायला सर्वात जास्त वेळ लागला.

१०.००
ओपीडी. पंधरा वर्षांची मुलगी आणि तिची आई. तक्रार, अशक्तपणा. हिमोग्लोबिन ६.९. प्रश्न मी मुलीला विचारते, उत्तर आई देते. वय काय, भूक कशी, पाळी कधी आली, सगळं आईच सांगते. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते आहे.

"आई, तुम्ही जरा बाहेर बसा. या वयाच्या सगळ्याच मुलांना मी थोडा वेळ एकटं भेटते."

"माझ्यापासून काय लपवायचंय तिला?"

या एका वाक्याला उत्तर देणं हा आमच्या शिक्षणातला मोठा धडा आहे. घाईत म्हटलं तर आईचा अपमान होतो, चाचरत म्हटलं तर ती जागची हलत नाही. म्हणून 'सगळ्याच मुलांना' हे शब्द विसरायचे नाहीत, आणि परत आत बोलावणार आहोत हेही लगेच सांगायचं. आई गेल्या, दार लोटलं, मावशींना आत कुणाला सोडू नका म्हणून सांगितलं. मग मुलीला सांगितलं, तू बोलशील ते मी तुला न विचारता आईला सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल, कुणी तुला त्रास देत असेल, किंवा कायद्याने मला कळवणं भाग असेल, तर गप्प बसता येणार नाही. हे आधी सांगायचं, प्रश्न नंतर.

बंद दाराआड बाहेर आलं ते असं. पाळी नऊ-दहा दिवस चालते. पहिल्या पाळीपासून असंच. दर दोन तासांनी पॅड भिजतो, गाठी पडतात. महिन्याला तिसरं पाकीट मागायची लाज वाटते म्हणून ती आत जुन्या ओढणीचे तुकडे वापरते, आणि त्या दिवसांत शाळेत जात नाही. आई बाहेर गेल्यावर मुली प्रेमप्रकरण सांगतात, असं सिनेमात असतं. माझ्या खोलीत जास्त वेळा पॅडचे पैसे निघतात.

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बीजोत्सर्गाचं चक्र बसलेलं नसतं, त्यामुळे जास्त जाऊ शकतं. पण पहिल्याच पाळीपासून इतकं, म्हटल्यावर रक्त गोठण्याचा दोष शोधायलाच हवा. नाकातून रक्त येतं का? दात काढल्यावर थांबलं नव्हतं का? येतं. थांबलं नव्हतं. आईंना आत घेतलं (मुलीची परवानगी घेऊन), तर त्या सहज म्हणाल्या, "आमच्याकडे सगळ्यांचंच असं जातं. माझ्या बहिणीची तर पिशवीच काढली." व्हॉन विलेब्रांड आजाराच्या तपासण्या लिहिल्या, ट्रानेक्झॅमिक आम्ल सुरू केलं, भरती करून घेतलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी निघाल्या. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. हिला मळमळायचं, म्हणून ती खिडकीतून टाकायची. जेवणानंतर घे, एवढं कुणी सांगितलं नव्हतं.

१२.१५
मुलगे. बाहेर ते एकमेकांकडे बघत नाहीत. एकाला छातीत गाठ जाणवते, कॅन्सर झाला असं त्याने मोबाइलवर वाचलंय. वयात येताना बऱ्याच मुलांना हे होतं आणि साधारण दोन वर्षांत ओसरतं. दुसऱ्याला मिशी नाही, उंची नाही, आणि बाबांनी कसलीशी पावडर आणली आहे. इथे ऑर्किडोमीटर निघतो. लाकडी अंडाकृती मणी, दोऱ्यात ओवलेले, १ ते २५ मिलिलिटर. झुरिकच्या प्राडर यांच्या नावाने तो ओळखला जातो. चारचा मणी जुळला म्हणजे वयात येणं सुरू झालं. याचा जुळला. डाव्या हाताच्या एक्सरेत हाडाचं वय दोन वर्षं मागे. बाबांना विचारलं, तुम्ही पहिली दाढी कधी केली? ते हसले. कॉलेजात, म्हणाले. पावडर परत पिशवीत गेली.

२.३०
डबा खाऊन केस चर्चा. आज मॅडम स्वतः पेशंट झाल्या. खुर्चीत घसरून बसल्या, नजर मोबाइलवर, आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, "माहीत नाही." आम्ही हेड्स या प्रश्नावलीच्या क्रमाने जातो. आधी घर, मग शाळा, मित्र-छंद, व्यसन, लैंगिकता, आणि शेवटी आत्महत्येचे विचार. सोप्यावरून अवघडाकडे. माझ्याबरोबरचा फेलो शेवटच्या प्रश्नाशी येऊन अडखळला, "कधी अगदीच... म्हणजे... कंटाळा येतो का?" मॅडमनी मोबाइल खाली ठेवला. "सरळ विचार. मरून जावंसं वाटतं का? विचारल्याने कुणाच्या डोक्यात ते येत नाही. आधीच असेल तर सांगायला वाट मिळते." जाताना प्रत्येकाला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यायचा, तो काय आहे हे समजावून. नुसता कागद दिला तर तो गेटपाशी पडलेला सापडतो.

तेवढ्यात स्त्रीरोग विभागातून फोन. सतरा वर्षांची मुलगी, नऊ आठवड्यांची गरोदर, मुलगा एकोणीसचा, दोघांच्या मर्जीने. आई सोबत आहे, पण पोलिसाचं नाव काढताच दोघी उठून निघाल्या आहेत. २०१२ साली बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा आला आणि संमतीचं वय १६ वरून १८ झालं. त्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं डॉक्टरला बंधनकारक आहे. गर्भपाताला पालकांची लेखी संमती लागते. पण २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक दार उघडलं. मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने कळवताना तिचं नाव-पत्ता उघड करायची गरज नाही. हे सांगायला मी जिन्यावरून धावत गेले. दोघी लिफ्टपाशी भेटल्या.

माझं मत विचाराल तर या कायद्याने अत्याचार झालेल्या मुलींना बळ दिलं, आणि याच कायद्याच्या धाकाने अशा मुली आमच्यापर्यंत न येता गल्लीतल्या गोळीवाल्याकडे जातात. दोन्ही खरं आहे.

५.००
लॉगबुक. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात डॉ. गॅलाघर यांनी १९५१ साली किशोरांसाठी वेगळा विभाग काढला, अमेरिकेत १९९४ पासून या शाखेची बोर्ड परीक्षा होते आणि फेलोशिप तीन वर्षांची असते. आमच्या लॉगबुकात केलेल्या प्रोसीजर लिहायचे रकाने आहेत. आईला बाहेर बसवलं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते ठरलेलं नाही. मी 'इतर'मध्ये लिहिते.

९.१०
कॅज्युअल्टीतून फोन. पंधरा वर्षांची मुलगी, दम्याचा झटका. बालरोगचा रजिस्ट्रार म्हणतो बारावर आहे, तुमची. मेडिसिनचा म्हणतो अठराच्या आत आहे, तुमची. दोघंही नियमाला धरून बोलताहेत. नेब्युलायझेशन चालू आहे ना, हे आधी विचारलं. चालू होतं. मग मॅडमना लावला, त्यांनी दोन्ही युनिटच्या प्रमुखांना. पाऊण तासाने बायकांच्या मेडिसिन वॉर्डात कॉट मिळाली. सोबत फक्त वडील आहेत आणि बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुष नातेवाइकाला थांबता येत नाही, असं सिस्टर म्हणाल्या. आता त्यासाठी फोन लावते आहे.