बाबासाहेबांना अमेरिकेला कोणी पाठवले?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली अमेरिकेत शिकायला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. तरी कोल्हापुरातल्या जयंतीच्या भाषणांत ‘शाहू महाराजांनी बाबासाहेबांना अमेरिकेला पाठवले’ हे वाक्य पुन्हापुन्हा कानी पडते, आणि त्याला टाळ्याही मिळतात. वाक्य साफ चुकीचे आहे. त्याने महाराजांचा मान वाढत नाही, उलट त्यांनी खरोखर जे केले तेच झाकले जाते.

बडोद्याचे संस्थानिक सयाजीराव गायकवाड यांनी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची होती. तिच्या मोबदल्यात करारनाम्यावर सही होती: शिक्षण संपले की दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी. तेव्हा बाबासाहेब बावीस वर्षांचे, बी. ए. झालेले, चळवळीतले पुढारी व्हायला अजून अवकाश होता. कोलंबिया विद्यापीठातून ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यात रुजू झाले. तिथे अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना, कचेरीत शिपाई कागद लांबून फेकत. ती नोकरी टिकली नाही.

कोल्हापूरचा संबंध येतो तो यानंतर. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू झाले. त्याला महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. 21 आणि 22 मार्चला हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. महाराज स्वतः तिथे आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. जुलैत बाबासाहेब राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला निघाले, तेव्हा गाठीला सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज आणि कोल्हापूरची मदत होती. शंका असेल त्याने धनंजय कीर वाचावेत; त्यांनी दोघांचीही चरित्रे लिहिली आहेत.

म्हणजे बडोद्याने एका हुशार विद्यार्थ्याला हात दिला, कोल्हापूरने चळवळीत उतरलेल्या विद्यार्थ्याला. दुसरी गोष्ट त्या काळी अधिक दुर्मीळ होती. 1923 मध्ये बाबासाहेब लंडनहून परतले ते पाहायला महाराज हयात नव्हते. 6 मे 1922 रोजी त्यांचे निधन झाले होते.

बाकीचे गैरसमज किरकोळ. महाराजांची वसतिगृहे एकाच जातीची, असे म्हणतात. 1901 च्या मराठा बोर्डिंगपाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशी निघत गेली आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह झाले. महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्तीही संस्थानकाळातली नव्हे, ती राज्य सरकारची अलीकडची योजना आहे.

पुढच्या जयंतीला भाषणाला उभे राहणाऱ्यांनी 1913 सांगताना सयाजीरावांचे नाव घ्यावे आणि 1920 सांगताना शाहू महाराजांचे.